टिप मागणारं कार्ड मशीन: स्पीड मस्त, हिशोब गोलमाल

रेटिंग: पाचपैकी अडीच. नुसत्या पेमेंटला साडेचार दिले असते, टिपच्या स्क्रीनने मार्क खाल्ले.

आधीच सांगते, हा रिव्ह्यू कुठल्या एका रेस्टॉरंटचा नाहीये. जेवण झाल्यावर वेटर जे हातात मावणारं कार्ड मशीन टेबलावर घेऊन येतो आणि कार्ड टॅप करायच्या आधीच ज्याच्यावर 18, 20, 25 टक्के अशी तीन मोठ्ठी बटणं झळकतात, त्या मशीनचा आहे. जेवणाचे, वेटरचे, अगदी खुर्चीच्या गादीचेसुद्धा रिव्ह्यू लोक लिहितात, पण शेवटच्या दोन मिनिटांत आपल्याकडून सगळ्यात जास्त पैसे ज्याच्यामुळे जातात त्या यंत्राबद्दल कोणी काही लिहीत नाही म्हटलं आपणच लिहू.

चांगलं ते चांगलं म्हणायला पाहिजे. कार्ड आपल्या नजरेआड जात नाही, आधी ते फोल्डरमध्ये घालून आत न्यायचे आणि परत येईपर्यंत आपण दाराकडे बघत बसायचो, ते संपलं. बिल माणशी तोडून मिळतं, म्हणजे ग्रुपमध्ये तो जो एक जण नेहमी "मी फक्त पाणी प्यायलो" म्हणतो त्याचाही प्रश्न सुटला. सुट्ट्यांची भानगड नाही. आणि टिपची नोंद राहते, हा फायदा खरा वेटरचा आहे, कारण टेबलावर ठेवलेली नोट कोणी उचलली हे कोणालाच सांगता येत नाही आणि मशीनमधला आकडा पुसता येत नाही.

आता टिपचा स्क्रीन. बटणं तीन, ठळक, रंगीत. त्याखाली बारीक अक्षरात "कस्टम", आणि त्याच्याही खाली, कधीकधी नुसत्या राखाडी लिंकसारखं, "नो टिप". पाचपन्नास रुपयांच्या ऍपमध्ये हा डाव आपण लगेच ओळखतो, इथे मात्र वेटर हातभर अंतरावर उभा असतो म्हणून ओळखूनही मधलं बटण दाबतो. मधलं का, तर कमी दाबलं तर कंजूष दिसू आणि जास्त दाबलं तर येडे ठरू. ज्याने हे डिझाईन केलं त्याला माणूस बरोब्बर कळलेला आहे एवढं मान्य करते.

बरं यात वेटरचाही काही दोष नाही. टक्के तो ठरवत नाही, मालक किंवा मॅनेजर सेटिंगमध्ये टाकतो. ते बिचारे मशीन आपल्या हातात देऊन उगाच दुसऱ्या टेबलाकडे बघतात, टिश्यू सरळ करतात, एक जण तर चक्क पाठ करून उभा राहिला होता. एकीशी बोलणं झालं तेव्हा ती म्हणाली की ती अर्धी मिनिटं आम्हालाच जास्त नको होतात, लोक आम्हालाच निर्लज्ज समजतात. पटलं.

पण माझा खरा राग बटणांच्या साईजवर नाहीये, टक्के कशावर काढतात यावर आहे. हे जरा थांबून बघा. समजा जेवण 100 चं झालं, त्यावर रेस्टॉरंटने 10 टक्के सर्व्हिस चार्ज लावला, झाले 110, त्यावर 10 टक्के टॅक्स धरा, झाले 121. आता मशीन विचारतं 20 टक्के? तुम्ही हो म्हणता. ते 20 टक्के 100 वर नाही, 121 वर निघतात, म्हणजे 24 आणि वर काही पैसे. आधीचे सर्व्हिसचे 10 धरले तर 100 च्या जेवणावर वाढपाचे म्हणून तुमचे 34 गेले आणि तुम्ही मात्र मनात "20 दिले" असं म्हणत बाहेर पडता. टॅक्सवर टिप द्यायचं काही कारणच नाही, टॅक्स वेटरने वाढलेला नाही! बऱ्याच सिस्टिममध्ये टॅक्सच्या आधीच्या रकमेवर टक्के काढायची सोय असते, ती चालू ठेवायची का नाही हे मालकाच्या हातात. उलटी गंमत डिस्काउंटची. कूपन लावलं की मशीन कमी झालेल्या बिलावर टक्के काढतं तेव्हा मात्र वेटर मारला जातो, कारण त्याने फेऱ्या पूर्ण बिलाच्याच घातलेल्या असतात. तिथे मी मूळ रकमेवरच देते.

आणि मुळात टक्के हे माप तरी कुठे बरोबर आहे? महागडी बाटली आणि साधी बाटली उघडायला बूच एकच, कष्ट तेच, टिप पाचपट. दुसरीकडे कोणीतरी एकटा माणूस एक कॉफी घेऊन लॅपटॉप उघडून दोन तास टेबल अडवतो, चारदा पाणी मागतो, आणि 20 टक्क्यांच्या हिशोबाने त्याची टिप चिल्लर होते. अशा वेळी टक्के सोडून द्यावेत आणि किती वेळ बसलो, किती वेळा हाक मारली त्यावर द्यावं. मशीनला यातलं काही कळत नाही, आपल्याला कळतं.

"सर्व्हिस चांगली असेल तर टिप देतो, नसेल तर नाही" हे वाक्य तर प्रत्येक जण छाती फुगवून बोलतो. कॉर्नेल युनिव्हर्सिटीचे मायकल लिन यांनी आयुष्यभर टिपवरच संशोधन केलं, आणि त्यांना सापडलं ते असं की गिऱ्हाईक सर्व्हिसला किती मार्क देतं आणि प्रत्यक्षात किती टिप ठेवतं यांचा संबंध आहे, पण अगदीच पातळ. म्हणजे आपण सर्व्हिसचे पैसे देतो असं समजतो आणि देतो मात्र बिलाच्या आकड्याचे, सवयीचे, सोबत कोण बसलंय त्याचे. 1996 सालचा एक प्रयोग आहे, बिलाच्या मागे हसरा चेहरा काढला तर वेट्रेसची टिप वाढली, पण वेटरने तोच चेहरा काढला तर वाढली नाही. आता बोला. मशीनने निदान हे हसरे चेहरे बंद केले असं म्हणायचं तर काही मशीन स्वतःच स्मायली दाखवतात.

तरीही "मग देऊच नका" असं मी म्हणणार नाही, कारण हे मशीन जिथे सगळ्यात जास्त माजलंय त्या अमेरिकेत टिप हा पगाराचाच तुकडा आहे. तिथे केंद्राच्या कायद्याने टिप घेणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला फक्त 2.13 डॉलर दिले तरी चालतात, हा आकडा 1991 पासून हललेला नाही. साधा किमान पगार 7.25 डॉलर, तोही 2009 पासून तिथेच. मधला फरक टिपमधून भरायचा, आणि नाही भरला तर मालकाने भरायचा असं कायदा सांगतो. पण तो फरक मागायला मालकासमोर उभं कोण राहणार, हा भाग कायद्यात नसतो. अशा ठिकाणी टिप न देता उठणं म्हणजे मालकाचा राग वेटरच्या खिशावर काढणं. पण त्याच देशात कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगन, नेवाडा, मिनेसोटा, मोंटाना आणि अलास्का या 7 राज्यांत ही सवलतच नाही, वेटरला टिपच्या आधी पूर्ण किमान पगार द्यावा लागतो. आणि मशीन? मशीन दोन्हीकडे तेच 18, 20, 25 दाखवतं. जपानमध्ये तर साधारण टिपची पद्धतच नाही, पैसे ठेवून निघालात तर विसरलात समजून मागे पळत येतील.

सगळ्यात मोठा मायनस पॉइंट म्हणजे हे पैसे कोणाला जाणार हे स्क्रीनवर एका ओळीतही लिहिलेलं नसतं. वेटरला? सगळ्यांच्या डब्यात? भांडी घासणाऱ्याला काही मिळतं का? मॅनेजर हात मारतो का? एका ठिकाणी मी सरळ विचारलं तर वाढणारा मुलगा आधी काउंटरकडे बघून मग हळू म्हणाला की महिन्याच्या शेवटी काहीतरी येतं, किती ते सांगत नाहीत. मी कार्डवर शून्य टाकलं आणि त्याच्या हातात नोट दिली, नंतर त्या जागी परत गेले नाही.

कायदे आहेत, नाही असं नाही. अमेरिकेत 2018 पासून मालक, मॅनेजर आणि सुपरवायझर यांना दुसऱ्यांच्या टिपमध्ये वाटा ठेवता येत नाही, पण कार्ड कंपनीची फी मात्र केंद्राच्या नियमाने टिपमधून तेवढ्या प्रमाणात कापता येते, म्हणजे कार्डवरची 20 आणि हातातली 20 ही नेहमी सारखी नसते. ब्रिटनने यात बाजी मारली, तिथे 1 ऑक्टोबर 2024 पासून टिप आणि सर्व्हिस चार्ज काहीही न कापता कामगारांना द्यायचा, तोही पुढच्या महिन्याच्या अखेरीच्या आत, आणि हिशोब 3 वर्षं जपून ठेवायचा. भारतात ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 ला सांगितलं की सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावायचा नाही, आणि दिल्ली हायकोर्टाने मार्च 2025 मध्ये ते उचलून धरलं. थोडक्यात सर्व्हिस चार्ज आणि टिप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बिलावर पहिली असेल तर ती कोणाच्या खिशात जाते हे विचारल्याशिवाय दुसरीच्या बटणाकडे बघूसुद्धा नका.

कोणी म्हणेल टिपच बंद करा, पगार वाढवा, मेन्यूचे दर वाढवा. मलाही मनापासून तेच पाहिजे. पण न्यूयॉर्कचे डॅनी मेयर यांनी 2015 मध्ये आपल्या रेस्टॉरंटमधून टिप काढून टाकायला सुरुवात केली होती, एवढं मोठं नाव, एवढा अनुभव, आणि 2020 मध्ये त्यांनाही ती परत आणावी लागली. शेजारच्या हॉटेलात टिप चालू असताना एकट्याने दर वाढवले की मेन्यू महाग दिसतो, आणि ज्या वेटरला शनिवारी रात्री टिपमध्ये घसघशीत मिळायचं तो दुसरीकडे जातो. एकट्यादुकट्याने होणारं हे काम नाही.

मग किती द्यायची, हे विचारणारे येतीलच. जिथे पगार टिप धरून ठरलेला आहे आणि कोणी टेबलावर येऊन वाढतंय तिथे टॅक्सच्या आधीच्या रकमेवर 18 ते 20, आणि तेवढी ऐपत नसेल तर त्या दिवशी पार्सल न्यावं. सर्व्हिस चार्ज लागलाय आणि तो कामगारांना मिळतो असं कळलं तर वर काही नाही, फार तर जास्त राबवलं असेल तर थोडं. जिथे पूर्ण पगार आहे तिथे मनाला येईल ते, शून्यसुद्धा चालतं आणि त्याची लाज वाटायचं कारण नाही. काउंटरवर जाऊन आपणच ट्रे उचलायचा असेल आणि तरी स्क्रीन 20 मागत असेल तर बिनधास्त खालची राखाडी लिंक दाबा. जेवण उशिरा आलं, मीठ जास्त पडलं, एसी गळत होता, यातलं काही वेटरच्या हातात नसतं, ती तक्रार मॅनेजरकडे, टिप कापून नाही. वेटर स्वतः उर्मट असेल तर वेगळी गोष्ट, तिथे मी कमी देते पण का ते तोंडावर सांगून.

मशीनच्या पुढच्या अपडेटमध्ये शून्याचं बटण बाकीच्यांएवढंच हवं आणि टिप कोणाकोणात वाटली जाते त्याची एक ओळ हवी. ती येईल तेव्हा येईल. पण ज्यांच्याकडे हे मशीन आहे त्या मालकांनी तोपर्यंत सेटिंगमध्ये जाऊन टॅक्सवर टिप लावणारी ती टिक काढा, दोन मिनिटांचं काम आहे. तेवढं झालं तरी मी अर्धा स्टार वाढवून देते.