जुनी कॅराव्हॅन घेताना गॅस आणि विजेच्या बाबतीत आमची झालेली फसवणूक

आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. २०२३ च्या एप्रिलमध्ये आम्ही १९९९ साली तयार झालेली, चार-पाच जणांना झोपता येईल अशी एक जुनी कॅराव्हॅन (कारच्या मागे जोडून ओढायचे चाकांवरचे घर) ३,४०० पौंडांना विकत घेतली, आणि पाच आठवड्यांनी, पहिल्याच सहलीच्या पहिल्याच रात्री, सासूबाईंना आणि दोन्ही मुलांना झोपेतून उठवून तिच्यातून बाहेर काढण्याची वेळ आमच्यावर आली. माझ्या ओळखीतली काही मराठी कुटुंबे सध्या अशीच कॅराव्हॅन शोधत आहेत. विक्रेत्याने आम्हाला नेमके काय दाखवले, काय दाखवायचे टाळले आणि आमच्या ते लक्षात का आले नाही, हे त्यांना कळावे म्हणून घडले तसे लिहीत आहे.

१ जानेवारी १९९७ पासून पुढे कारचा परवाना मिळवलेल्यांना इथे मोठी कॅराव्हॅन ओढण्यासाठी पूर्वी वेगळी परीक्षा द्यावी लागत असे. १६ डिसेंबर २०२१ पासून ती अट गेली आणि आमच्यासारख्यांना हा मार्ग मोकळा झाला. मात्र एक गोष्ट आम्हाला फार उशिरा समजली. कारला दरवर्षी जी सक्तीची तपासणी करून घ्यावी लागते, तशी कोणतीही तपासणी या देशात कॅराव्हॅनला लागत नाही. वीस-पंचवीस वर्षांची, आतून गंजलेली, वायरिंगला कोणीही हात लावलेली कॅराव्हॅन उद्या सकाळी रस्त्यावर आणली, तरी तिच्या गॅसविषयी किंवा विजेविषयी कोणी कागद मागत नाही. विक्रेत्याला हे पक्के ठाऊक होते.

जाहिरातीत ‘एकाच कुटुंबाने वापरलेली, गॅस व वीज तपासलेली, प्रमाणपत्रासह’ असे लिहिले होते. विक्रेत्याने घरी न बोलावता शहराबाहेरच्या एका यार्डात बोलावले, कारण म्हणे घरासमोर उभी करायला जागा नाही. कॅराव्हॅन ठेवण्यासाठी लोक अशी जागा भाड्याने घेतातच, त्यामुळे आम्हाला संशय आला नाही. माणूस पन्नाशीचा, बोलायला मऊ होता. सासूबाई साताऱ्याहून आल्या आहेत हे कळल्यावर त्याने त्यांच्यासाठी आतून खुर्ची आणून दिली. यार्डात वीज नव्हती, म्हणून त्याने एक लहान पेट्रोल जनरेटर आणला होता आणि कॅराव्हॅनची निळी केबल त्याला जोडून ठेवली होती. आत दिवे लागले, फ्रीज गार होता, पाणी तापवण्याच्या बटणावर लाल दिवा पेटला. गॅसच्या शेगडीचा एक बर्नर त्याने पेटवला आणि चार-पाच सेकंदांत बंद केला. हीटर लावून दाखवा असे माझ्या पतींनी म्हटले, तेव्हा आज एवढे ऊन आहे, उगाच आत उकडेल, असे तो म्हणाला. एप्रिलमधले ते दुर्मीळ ऊन होते आणि आम्हालाही ते पटले.

त्या जनरेटरविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण सगळी फसवणूक त्याच्यावर उभी होती. कॅराव्हॅनमध्ये २३० व्होल्टची वीज जिथून आत येते तिथे एक छोटी पेटी असते आणि तिच्यात आरसीडी नावाचा स्विच असतो. कुठे वीज गळून धातूच्या सांगाड्यात किंवा माणसाच्या अंगातून जमिनीकडे जाऊ लागली, तर ३० मिलिअँपिअरच्या आत त्याने वीज तोडणे अपेक्षित असते. कॅम्पसाइटवरच्या विजेच्या खांबातही असाच स्विच असतो. परंतु लहान, सुटा जनरेटर सहसा जमिनीला जोडलेला नसतो. त्यामुळे गळणाऱ्या विजेला जमिनीतून परत फिरायला वाटच मिळत नाही आणि दोष असलेले उपकरणही त्याच्यावर बिनतक्रार चालताना दिसते. आरसीडीवर तपासणीचे एक बटण असते. ते दाबले की स्विच खाली पडला पाहिजे. जनरेटरवरही ते बटण काम करते. माझ्या पतींनी ते दाबायला हात पुढे केला, तेव्हा विक्रेता घाईने म्हणाला, की चालू जनरेटरवरचा भार असा एकदम तोडला तर जनरेटर खराब होतो. हे खोटे होते. त्या क्षणी ते बटण दाबले असते, तर आम्ही तिथूनच परत फिरलो असतो.

प्रमाणपत्राचा कागद गुळगुळीत होता. वर पिवळ्या त्रिकोणाचे चिन्ह, खाली सात अंकी नोंदणी क्रमांक आणि सही. ब्रिटनमध्ये गॅसचे काम करणाऱ्यांची अधिकृत नोंद ‘गॅस सेफ रजिस्टर’मध्ये असते. १ एप्रिल २००९ पासून ही व्यवस्था ‘कॉर्गी’ या जुन्या नोंदणीच्या जागी आली. तिच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य क्रमांक पडताळून पाहता येतो आणि त्याला एक मिनिट पुरते. आम्ही ते मिनिट दिले नाही. नंतर पडताळले तेव्हा कागदावरचा क्रमांक कोणाच्याच नावावर नव्हता. क्रमांक खरा निघाला तरी तेवढ्याने भागत नाही. नोंदणीकृत कारागिराच्या ओळखपत्राच्या मागच्या बाजूला तो कोणत्या प्रकारचे काम करू शकतो हे लिहिलेले असते, आणि घरातला बॉयलर दुरुस्त करणाऱ्याला कॅराव्हॅनमधल्या एलपीजीचे काम येतेच असे नाही.

कॅराव्हॅनच्या नोंदणीचा कागदही त्याच्याकडे नव्हता. १९९२ पासून इथे ‘क्रिस’ नावाची नोंदणी आहे. तिचा सतरा आकडे-अक्षरांचा क्रमांक कॅराव्हॅनच्या खिडक्यांच्या काचांवर कोरलेला असतो. कागद टपालाने मागवला आहे, आला की पाठवतो, असे तो म्हणाला. चारशे पौंड बँकेतून आणि तीन हजार रोख देऊन, ‘आहे त्या स्थितीत विकली’ असे लिहिलेल्या पावतीवर सही करून आम्ही ती घरी आणली.

मे महिन्याच्या शेवटी आम्ही डर्बिशरच्या डोंगरात एका कॅम्पसाइटवर गेलो. संध्याकाळी केबल खांबाला जोडली. दिवे लागले. मुलांच्या अंघोळीसाठी मी पाणी तापवायचे बटण दाबले आणि त्याच क्षणी सगळे अंधारले. कॅम्पसाइटच्या व्यवस्थापकाने खांबातला स्विच पुन्हा वर केला, तो पुन्हा पडला. तिसऱ्या खेपेला तो स्वतः आत आला आणि त्याने आमच्या पेटीतले तपासणीचे बटण दाबले. काहीच झाले नाही. त्याने दोनदा, तीनदा दाबले. मग शांतपणे केबल काढून घेतली आणि म्हणाला, की ही कॅराव्हॅन तपासून होईपर्यंत कोणत्याही खांबाला जोडू नका. आमच्याकडचा स्विच निकामी होता आणि त्या दिवशी आम्हाला त्याच्या खांबातल्या स्विचने वाचवले होते. बाहेर पावसाने गवत ओले होते आणि मुले अनवाणी पायांनी दाराच्या धातूच्या चौकटीला धरून आत-बाहेर करत होती.

वीज नाही, म्हणून रात्री गॅसचा हीटर लावला. मे असला तरी तिथे रात्री चांगलीच थंडी पडते. साडेनऊच्या सुमारास सासूबाई म्हणाल्या, “पायाखालून गार वारा येत नाही, हे मात्र बरंय गं.” थोड्या वेळाने म्हणाल्या, “प्रवासानं डोकं जड झालंय. झोपले की उतरेल.” धाकट्याला मळमळत होते. त्याने वाटेत बरेच काही खाल्ले होते, म्हणून मी तिकडे दुर्लक्ष केले. कॅराव्हॅनच्या भिंतीवर कार्बन मोनॉक्साइडचा एक अलार्म लावलेला होता आणि त्यावर हिरवा दिवा लुकलुकत होता. पण निघण्याच्या आदल्या दिवशी माझ्या कार्यालयातल्या एका सहकारी बाईंनी, त्या स्वतः वीस वर्षे कॅराव्हॅन घेऊन फिरत असल्यामुळे, मला बजावले होते, की नवा अलार्म घेतल्याशिवाय गॅस पेटवू नकोस. तो नवा अलार्म मी पलंगाशेजारच्या फळीवर ठेवला होता. रात्री पावणेबाराला तो किंचाळू लागला आणि त्याच्या पडद्यावरचा आकडा शंभराच्या वर गेला होता. भिंतीवरच्या अलार्मचा हिरवा दिवा तसाच लुकलुकत होता. सकाळी तो उलटा करून पाहिला, तर तो २०११ पर्यंतच वापरावा असे त्याच्या पाठीवर छापलेले होते.

आम्ही सगळे बाहेर आलो, हीटर व सिलिंडर बंद केले, दारे-खिडक्या सताड उघडल्या आणि आरोग्यसेवेच्या १११ क्रमांकावर फोन केला. त्यांच्या सांगण्यावरून रात्रीच सर्वांना रुग्णालयात नेले. रक्ततपासणी झाली, सासूबाईंना काही तास प्राणवायू दिला आणि दुपारी आम्ही घरी आलो. एलपीजीत गळती कळावी म्हणून मुद्दाम वास मिसळलेला असतो. गॅस नीट न जळल्याने तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला मात्र वास, रंग, काहीही नसतो. डोके जड होणे आणि मळमळणे ही त्याची सुरुवातीची लक्षणे प्रवासाच्या थकव्यासारखीच असतात.

त्यानंतर आम्ही कॅराव्हॅन एका मान्यताप्राप्त कार्यशाळेत नेली. इथे राष्ट्रीय कॅराव्हॅन परिषद आणि दोन मोठ्या क्लबांनी मिळून अशा कार्यशाळांची यादी ठेवलेली आहे. तिथल्या कारागिराने दिवसभर काम करून एकेक गोष्ट आम्हाला हात लावून दाखवली. पाणी तापवण्याच्या टाकीतले विजेचे एलिमेंट फुटून त्यात पाणी शिरले होते. पेटीतल्या आरसीडीला बगल देऊन तारा थेट जोडल्या होत्या, म्हणजे तो स्विच असून नसल्यासारखा होता. सांगाड्याला अर्थिंग देणारी हिरवी-पिवळी तार मागच्या बाजूला तुटून लोंबत होती. हीटरचा धूर छतावर नेणारी नळी कपाटाच्या आतून जाते. ती गंजून तिला दोन ठिकाणी भोके पडली होती, आणि त्यांवर ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावून वर रंग फासला होता. हवेपेक्षा जड असलेला गॅस गळाल्यास खाली निघून जावा आणि ताजी हवा आत यावी, म्हणून जमिनीत ठेवलेल्या जाळ्या गालिच्याखाली फोम व टेपने बुजवल्या होत्या. सासूबाईंना पायाखालून वारा लागत नव्हता, तो त्यामुळे. सिलिंडरच्या रबरी नळीवर छापलेले वर्ष २००४ होते. साताऱ्याला सासूबाई दारात आलेल्या सिलिंडरच्या कड्यावरचा तपासणीचा अक्षर-आकडा वाचल्याशिवाय तो आत घेत नाहीत आणि शेगडीची नळी पाच वर्षांनी न चुकता बदलतात. त्याच घरातल्या मला इथे नळीवरचे वर्ष वाचायचे सुचले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

शेवटी कारागिराने हीटरचे पुढचे झाकण काढून आतली बाजू दाखवली. तिथे एका फाडलेल्या लेबलाचा कोपरा चिकटून राहिला होता. धोकादायक उपकरणावर गॅसचे कारागीर ‘वापरू नये’ असे जे लेबल लावतात, त्याचाच तो कोपरा असल्याचे कारागिराने सांगितले. म्हणजे आमच्या आधी कोणीतरी जाणकार माणसाने हा हीटर बाद ठरवला होता, आणि कोणीतरी ते लेबल ओरबाडून काढून नळीवर पट्टी चिकटवली होती. अज्ञानाने राहिलेला दोष वेगळा. हे जाणूनबुजून केलेले होते, आणि आत लहान मुले झोपणार आहेत हे विक्रेत्याला आम्ही सांगितलेले होते.

दुरुस्तीचा अंदाज १,९०० पौंडांच्या पुढे गेला. विक्रेत्याचा फोन बंद होता. त्याचा क्रमांक शोधला तेव्हा तो आणखी तीन कॅराव्हॅनच्या जाहिरातींत सापडला, प्रत्येकीत ‘कौटुंबिक वापरातली’ असेच लिहिलेले. व्यापाऱ्याकडून घेतलेली वस्तू सदोष निघाली तर २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार तीस दिवसांत परत करून सगळे पैसे मागता येतात, आणि पहिल्या सहा महिन्यांत दिसलेला दोष आधीचाच आहे असे सामान्यतः धरले जाते. खाजगी विक्रेत्याकडून घेताना वस्तू वर्णनाप्रमाणे असावी, एवढाच आधार उरतो. व्यापारी असून खाजगी माणसाचे सोंग घेतात ते याचसाठी, आणि हे सोंग इथे गुन्हा आहे. आमच्याकडे जाहिरातीचे छायाचित्र, खोटे प्रमाणपत्र आणि कार्यशाळेचा अहवाल होता, आणि दहा हजार पौंडांपर्यंतच्या दाव्यासाठी इथले छोटे न्यायालयही होते. परंतु दावा लावायला माणसाचा पत्ता लागतो, आणि आम्ही त्याचे घर कधी पाहिलेच नव्हते. यार्डाच्या मालकाने माहिती देण्यास नकार दिला. सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेच्या ग्राहक मदतक्रमांकावरून तक्रार ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे, म्हणजे व्यापारातल्या फसवणुकीची चौकशी करणाऱ्या स्थानिक सरकारी विभागाकडे, गेली, पोलिसांकडेही नोंद केली. पैसे परत मिळालेले नाहीत. क्रेडिट कार्डाने दिले असते तर १९७४ च्या कायद्यानुसार शंभर पौंडांवरील खरेदीत कार्ड कंपनीलाही जबाबदार धरता आले असते. रोखीचा आग्रह विक्रेत्याने का धरला, हे त्यातून उघड होते.

कॅराव्हॅन पुन्हा कोणाला विकण्याचा विचारही आमच्या मनात आला नाही. जुन्या कॅराव्हॅन सुट्या भागांसाठी तोडणाऱ्या एका माणसाने तिचे ३५० पौंड दिले. पावतीवर ‘राहण्यासाठी विकलेली नाही; गॅस व वीज धोकादायक’ असे माझ्या पतींनी स्वतः लिहिले. ती ओढून नेण्याआधी आम्ही कार्यशाळेतून आणलेली दोन नवी लेबले, एक हीटरवर आणि एक विजेच्या पेटीवर, घट्ट दाबून चिकटवली.