बातम्यांवर इंग्रजीत गप्पा: गेल्या पावसाळ्यापासूनचा अनुभव

इंग्रजी बोलायचा सराव हवा असेल तर चालू बातम्यांवर चर्चा करा, हा सल्ला तुम्हीही कुठेतरी ऐकला असेल. आम्ही नवी मुंबईत नेरूळमधली पाच-सहा माणसं गेल्या पावसाळ्यापासून दर शनिवारी संध्याकाळी हेच करतोय. उपयोग होतो का? होतो, पण बातमी कुठली निवडता यावर सगळं आहे. जी बातमी दाराशी येऊन ठेपलेली असते, तिच्यावर माणूस बोलतो. जी नुसती वाचलेली असते, ती तो पाठ म्हणून दाखवतो.

माझी पार्श्वभूमी थोडक्यात. साताऱ्याकडच्या मराठी शाळेत शिकले, आता तुर्भ्याला एका कंपनीत एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशन बघते. शिपिंग बिल, ड्राफ्ट बीएल (जहाजावर चढवलेल्या मालाच्या पावतीचा मसुदा), सीएचएशी म्हणजे कस्टम्सच्या एजंटशी पत्रव्यवहार, सगळं इंग्रजीत आणि त्यात अडचण काहीच नाही. मेल लिहायला बसले की पंधरा ओळी सरळ लिहून होतात. पण समोरून फोन आला की त्याच पंधरा ओळींतली एकही जिभेवर येत नाही. ज्यांना इंग्रजी वाचता-लिहिता येतं पण बोलताना घसा कोरडा पडतो, अशांसाठीच हा अनुभव आहे. अगदी मुळापासून सुरुवात करायची असेल त्यांनी या वाटेला जाऊ नये, फुकट वैतागाल.

गट सुरू होण्याआधी मी एक पैसे भरायचं अ‍ॅप घेतलं होतं. नाव सांगत नाही. दर वेळी नवीन शिक्षक, आणि दर वेळी पहिला प्रश्न तोच, स्वतःबद्दल सांगा. महिनाभरात स्वतःबद्दल मी इतकं सफाईदार बोलायला लागले की आमच्या ह्यांना हसू यायचं. बाकी इंग्रजी होतं तिथेच. मुदत संपल्यावर खात्यातून पुढची फी आपोआप कापली गेली, ते वेगळंच.

मोबाइलवरच्या एआयशी बोलूनही पाहिलं, अजूनही बोलते. रात्री भांडी आवरताना कानात लावून बडबड करायला ते उत्तम, कारण लाज वाटत नाही. पण ते फार गोड आहे. मी काहीही म्हटलं तरी ‘छान मुद्दा’. मध्ये तोडत नाही, कंटाळत नाही. आमच्या कंपनीचा रॉटरडॅमचा ग्राहक असा नसतो. शिवाय ताज्या बातमीचे तपशील त्याने मला दोनदा-तीनदा ठामपणे चुकीचे सांगितले, तेव्हापासून बातमी आधी पेपरात वाचायची आणि मगच त्याच्याशी बोलायचं असं ठरवलंय.

आता गटाबद्दल. बँकेतून निवृत्त झालेले एक काका, घरी शिकवण्या घेणाऱ्या एक ताई, एमबीएच्या ग्रुप डिस्कशनची तयारी करणारा एक कॉलेजचा मुलगा, मुलीकडे कॅनडाला जायचं ठरलेल्या वरच्या मजल्यावरच्या काकू, नेरूळ गावातले एक आगरी दादा आणि मी. बसायचं सोसायटीच्या ऑफिसात, नाहीतर ज्वेल ऑफ नवी मुंबई या बागेतल्या कट्ट्यावर. गुरुवारी व्हॉट्सअ‍ॅपवर एक बातमी ठरते. शनिवारी प्रत्येकाने आधी ती बातमी, समोर पेपर न धरता, दोन मिनिटांत सांगायची, मग प्रश्न, मत अगदी शेवटी. हा क्रम आम्ही ठेचकाळत शोधला आणि माझ्या मते सगळी किमया त्यातच आहे. सुरुवातीला आम्ही थेट मतावर जायचो. मत देणं सोपं असतं, ‘आय थिंक गव्हर्नमेंट शुड डू समथिंग’ म्हटलं की झालं. पण आधी काय घडलं, मग काय झालं, कशामुळे झालं, हे क्रमाने सांगताना भूतकाळ, कारण, परिणाम सगळंच लागतं आणि लपायला जागा राहत नाही.

दुसरा नियम, बोलणाऱ्याला मध्ये सुधारायचं नाही. एकाने वहीत टिपायचं आणि शेवटी सांगायचं. काकांना हे पाळणं फार जड जातं. हयातभर लेजर तपासलेला माणूस, चुकलेलं क्रियापद ऐकलं की त्यांचा हात आपोआप वर जातो. वही त्यांच्याकडेच दिली, तेव्हा जरा शांतता झाली.

पहिला विषय लोकलचा होता. ९ जून २०२५ला मुंब्र्याच्या वळणावर बाजूने जाणाऱ्या दोन गाड्यांमधले दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि त्यानंतर रेल्वेने नव्या लोकलला आपोआप बंद होणारी दारं लावायचं जाहीर केलं. मी ट्रान्स हार्बरने ये-जा करते, कॉलेजचा मुलगा ठाण्यापर्यंत जातो. दारं बंद झाली तर आत गुदमरायला होईल, गाडी प्रत्येक स्टेशनात जास्त थांबेल, मग फेऱ्या कमी होतील का, असे मुद्दे धडाधड आले. ज्या काकू तोवर ‘येस, करेक्ट’च्या पुढे गेल्या नव्हत्या, त्यांनी ऐंशीच्या दशकातल्या लेडीज डब्याची हकीकत सांगितली. व्याकरणाची दैना होती, पण सगळ्यांना सगळं कळलं.

त्याच सुमारास शाळेतल्या तिसऱ्या भाषेचा वाद पेटला होता. सरकारने हिंदीबाबतचे दोन्ही जीआर २९ जूनला मागे घेतले, आम्ही तो विषय पुढच्याच शनिवारी घेतला आणि चर्चा मिनिटभरात मराठीत आली. शिकवणीवाल्या ताई तर उभ्या राहून बोलत होत्या. चर्चा झकास झाली. इंग्रजीच्या सरावाला मात्र ज्याने रक्त उसळतं तो विषय कुचकामी. पक्षांचं राजकारण त्यानंतर आम्ही बाहेरच ठेवलंय.

उलट टोकाचा अनुभव क्रिकेटचा. २ नोव्हेंबर २०२५ला महिला विश्वचषकाचा अंतिम सामना आमच्याच डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला. पावसामुळे दोन तास उशिरा सुरू, संपेपर्यंत मध्यरात्र उलटलेली, फटाक्यांनी झोपेचं खोबरं. भारताच्या २९८ धावा, शफाली वर्माच्या ८७, दीप्ती शर्माचं अर्धशतक आणि वर पाच बळी, लॉरा वोल्वार्टचं शतक आणि तरीही आपण ५२ धावांनी जिंकलो. पुढच्या शनिवारी सगळे घडाघडा बोलले. काका खूश, वहीत फारसं काही नाही. पण मी नीट ऐकत होते. क्रिकेटचे सगळे शब्द आपल्याकडे आधीपासून इंग्रजीच आहेत. कॅच, रनआउट, पॉवरप्ले असे शब्द फेकत गेलं की वाक्य पूर्ण करायची गरजच पडत नाही. आत्मविश्वास वाढतो हे खरं, पण तो उधारीचा. महिन्यातून एकदा ठीक.

जीएसटीचा विषय, म्हणजे २२ सप्टेंबर २०२५पासून मुख्य टप्पे ५ आणि १८ टक्क्यांवर आले तो, आम्ही आकडे बोलण्यासाठी वापरला. कंटाळवाणा होता, पण उपयोगी. लाख-कोटीवरून मिलियनवर उडी मारताना सगळ्यांचीच त्रेधा उडते, बँकवाल्या काकांचीसुद्धा.

सगळ्यात जास्त दिलं ते नवी मुंबईच्या नव्या विमानतळाने. ८ ऑक्टोबर २०२५ला उद्घाटन झालं, २५ डिसेंबरला प्रवासी उड्डाणं सुरू झाली. पेपरात पहिल्या टप्प्याची वर्षाला दोन कोटी प्रवाशांची क्षमता, सपाट केलेली उलव्याची टेकडी, वळवलेली नदी असं सगळं छापून आलं होतं आणि आम्ही इमानदारीत ते पाठ म्हणत होतो. मग कॉलेजच्या मुलाने दादांना सहज विचारलं, की विमानतळाला दि. बा. पाटलांचं नाव द्या म्हणून एवढं आंदोलन कशासाठी, हे दि. बा. पाटील कोण? मुलगा मूळचा नागपूरचा, त्याला खरंच माहीत नव्हतं.

दादा एरवी सगळ्यांत कमी बोलणारे. त्या दिवशी चाळीस मिनिटं बोलले. नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको १९७०मध्ये आली तिथपासून सुरुवात केली. पंच्याण्णव गावांच्या जमिनी कशा गेल्या, शेती आणि मिठागरं गेल्यावर घरातल्या माणसांनी काय केलं, जानेवारी १९८४मध्ये दि. बां.च्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात जासई परिसरात गोळीबार झाला आणि पाच शेतकरी गेले, त्या लढ्यातून साडेबारा टक्क्यांची योजना कशी आली. आता साडेबारा टक्के हे इंग्रजीत समजावून बघा! गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड परत, हे वाक्य त्यांनी तीन वेगवेगळ्या तऱ्हेने मांडलं. मुलगा मध्ये मध्ये विचारत होता, म्हणजे पैसे नाही मिळाले? मग घर गावठाणात की भूखंडावर? दादा थांबायचे, शब्द शोधायचे, नाही सापडला तर वळसा घालून सांगायचे. एकदाही मराठीत आले नाहीत. काकांनी वही उघडलीच नाही.

त्यानंतर मला कळलं की आमची गाडी आधी कुठे अडत होती. समोरच्याला जे माहीत आहे तेच आपण त्याला सांगत होतो. सगळ्यांनी एकच लेख वाचून यायचं आणि एकमेकांना तोच सांगायचा, याला संभाषण म्हणत नाहीत, ती तोंडी परीक्षा. ऐकणाऱ्याला खरोखर काही कळून घ्यायचं असेल तर बोलणारा तोंडातून वाक्य काढतोच.

मी तेच माझ्या कामाबाबत केलं. नोव्हेंबर २०२३पासून येमेनमधल्या हूती बंडखोरांच्या हल्ल्यांमुळे तांबड्या समुद्रातली वाहतूक विस्कटली, जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून युरोपला जायला लागली आणि प्रवासात दहा ते चौदा दिवस वाढले. ही बातमी गटात कोणी वाचत नव्हतं, माझ्यासाठी मात्र ती रोजची डोकेदुखी. न्हावा शेवा बंदर आमच्यापासून काही मैलांवर, पण तिथे कट-ऑफ, म्हणजे कंटेनर पोचवायची शेवटची वेळ, चुकला की नक्की काय होतं, कंटेनर रोलओव्हर होऊन पुढच्या व्हेसलवर का ढकलला जातो, हे मी काकूंना समजेल असं सांगितलं. ऑगस्ट २०२५मध्ये अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्क्यांपर्यंत आयातशुल्क लावलं तेव्हाही तेच. मग एकदा ऑफिसात रॉटरडॅमहून फोन आला, माल का उशिरा येतोय म्हणून. मी साहेबांकडे फोन न देता स्वतःच सांगितलं. आधी काय झालं, मग काय, आता पोचणार कधी. काकूंना सांगितलेलंच होतं ते. पलीकडचा माणूस मध्ये दोनदा तोडून बोलला, तरी धागा सुटला नाही. उच्चार माझा साताऱ्याचाच आहे आणि तो तसाच राहणार.

साहित्याबद्दल थोडं. ऐकायला आम्हाला आकाशवाणीचं सकाळी सव्वाआठचं इंग्रजी बातमीपत्र सर्वात सोयीचं पडलं. पंधरा मिनिटं, आरडाओरडा नाही, उच्चार ओळखीचे, न्यूज ऑन एअर अ‍ॅपवर फुकट. बीबीसीचं ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ही चांगलं आहे, संवाद लिखित मिळतो म्हणून. ‘ब्रेकिंग न्यूज इंग्लिश’वर एकच बातमी सोप्या-कठीण पातळ्यांवर असते आणि चर्चेचे प्रश्न दोघांत वाटून दिलेले असतात. ती वाटणी आम्ही उचलली, बातम्या आपल्या आपण निवडल्या. टीव्हीवरच्या इंग्रजी चर्चा चुकूनही लावू नका, तिथे वाक्य कोणीच पुरं करत नाही. पेपरातल्या मथळ्यांपासूनही जपा. काल घडलेलं तिथे वर्तमानकाळात असतं, आणि आमच्या ताई बरेच दिवस ‘यस्टर्डे कॅबिनेट क्लिअर्स’ असंच बोलत होत्या.

वेग म्हणाल तर मंद. दोन महिने काहीच फरक वाटला नाही, आणि गणपती-दिवाळीत गट विस्कळीत झाला तो पुन्हा जमायला वेळ लागला. खर्च प्रिंटआउट आणि चहाचा. सातपेक्षा जास्त माणसं घेऊ नका, बोलायची पाळीच येत नाही.

सध्या आमची अडचण वेगळीच आहे. कॉलेजच्या मुलाला पुण्यात प्रवेश मिळाला, तो गेला. उरलेल्या आम्हाला एकमेकांच्या सगळ्या गोष्टी ठाऊक झाल्यात, त्यामुळे प्रश्न विचारणारं कोणी नाही. समोरच्या फ्लॅटमध्ये नुकतेच कोट्टायमहून आलेले एक गृहस्थ आहेत. त्यांना मराठी येत नाही, हिंदीही जेमतेम, म्हणजे आम्हाला पळवाट नाही. येत्या शनिवारपासून येतो म्हणालेत. पहिला प्रश्न त्यांनी आधीच विचारून ठेवलाय, की मुंबईत पाणीकपात झाली तरी नवी मुंबईला स्वतःचं धरण कसं काय? मोरबे धरणाबद्दल दादा सांगणार आहेत.