इमिक्विमॉड मलम, सहा महिन्यांनंतर: गुण आला, पुडीचा राग मात्र गेला नाही

पाठीवरचा बेसल सेल कार्सिनोमा, वरवरचा, सव्वा सेंटिमीटरचा. मलम सुरू करून सहा महिने झाले. हा त्वचेचा कॅन्सर, हळू वाढणारा आणि क्वचितच पसरणारा. आता थेट पुडीवर येतो.

एका पुडीत २५० मिलिग्रॅम मलम. माझ्या डागाला रोज लागायचं २५ मिलिग्रॅम, म्हणजे ५ मिलिमीटरचा ठिपका. बाकीचं केरात! फोडलेली पुडी पुन्हा वापरायची नाही, असं आतल्या कागदावर स्पष्ट छापलंय. आठवड्यातून पाच रात्री, सहा आठवडे; तीस पुड्या आणल्या आणि त्यातलं अंगाला लागणार तीन पुड्यांएवढं. पहिल्या रात्री मी पुडीला कपड्याचा चिमटा लावून फ्रिजमध्ये ठेवली. सकाळी बायकोला ती दुधाच्या पातेल्याशेजारी दिसली. पुढचं लिहीत नाही.

त्याआधी आठ महिने गजकर्ण समजून दुकानातली मलमं चोळली, तेव्हा काटकसर कुठे गेली होती, हेही तिनेच विचारलं. खाज नव्हती, कडेला बारीक चकाकी होती. तेव्हाच कळायला हवं होतं. स्किनच्या डॉक्टरांनी डर्मोस्कोप (त्वचा मोठी करून दाखवणारं भिंग) टेकवला आणि पंच बायॉप्सीच केली, म्हणजे तपासणीसाठी कातडीचा छोटा गोल तुकडा काढला. रिपोर्टशिवाय मलम लिहून देणार नाही म्हणाले. कापून काढलं तर पाच वर्षांनी शंभरात ९७-९८ जणांना पुन्हा होत नाही, मलमाने ८०-८२ जणांना, हेही आधीच सांगितलं. मला मधुमेह आहे, मागची जखम दोन महिने चिघळली होती. मी मलम घेतलं.

तिसऱ्या आठवड्यात एक तारा द्यायचं नक्की केलं होतं. डाग लालभडक, वर ओली खपली, बनियन चिकटायचा. फोन केला तर डॉक्टर म्हणाले, "हे मलम गाठ जाळत नाही, तुमचीच प्रतिकारशक्ती तिथे जागी करतं. लाल झालं म्हणजे ती जागी झालीय. चार रात्री थांबा." थांबलो, खपली सुकली, पुन्हा सुरू केलं. तारे वाढवतोय.

लावायचं काम बायकोचं: डागाभोवती एक सेंटिमीटर जास्त, जिरेपर्यंत चोळायचं, आठ तासांनी साबणाने धुवायचं. संपल्यावर बारा आठवड्यांनी तपासणी झाली. डाग नाही, फिकट चट्टा आहे. पुढची तपासणी सहा महिन्यांनी.

चार तारे. पाचवा पुडीने खाल्ला. चुकलेल्या रात्री भरून काढायच्या नसतात, म्हणून चार पुड्या न फोडता उरल्यात. दुकानदार परत घेत नाही.