तेरेखोल ते पोळे सायकलने: किनारा की हायवे?
गोव्याचा किनारा जेमतेम शंभरेक किलोमीटर, पण सायकल काढलीत की कळतं तो किती वाकडातिकडा आहे ते. हायवे ६६ धरलात तर उत्तर सीमेवरच्या पत्रादेवीहून दक्षिण सीमेवरच्या पोळेपर्यंत एका दिवसात जमतं, झुआरी नदीवर नवा पूल आहेच, पण ट्रकांचा धूर खात जायचं आणि काणकोणच्या आधी करमल घाटात जीव काढायचा, समुद्र दिसणार जवळजवळ नाहीच. किनाऱ्याने मात्र दोन दिवस धरा. तेरेखोलची फेरीबोट, बेतीहून पणजीला पुन्हा फेरीबोट (दम खायला बरी!), बेतूलच्या पुढे आगोंदपर्यंत असले चढ की गिअर संपतात. तरी मी किनाराच घेईन, पावसाळा सोडून.