ओपन स्पेसवर काय उभारावं: पत्र्याचं शेड की बांबूचा मांडव?

जळगाव असो, धुळे असो की अमळनेर, कॉलनीच्या ओपन स्पेसवर बाग करायची ठरली की बहुतेक दोनच प्रस्ताव पुढे येतात. लोखंडी खांबांवर पत्र्याचं शेड, नाहीतर बांबूचा मांडव आणि भोवती कडुलिंब. निवडताना आधी ऊन धरा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. सावली नसेल तर बाग दिवे लागणीलाच उपयोगाची.

पत्र्याचं शेड पटकन उभं राहतं आणि पावसात कार्यक्रमही होतो. पण दुपारी तीनला त्याखाली बसून पाहा, सगळी धग डोक्यावर उतरते. पावसाळ्याआधीच्या ज्या वादळात केळीच्या बागा आडव्या होतात, त्यातच ढिले पत्रेही उडतात. शेडच करायचं असेल तर उंच करा, बाजू मोकळ्या ठेवा आणि वरून पांढरा रंग द्या.

मला बांबू पटतो. सातपुड्यातला मानवेल जातीचा बांबू भरीव असतो, आणि २०१७ मध्ये भारतीय वन कायद्यातल्या 'झाड' या व्याख्येतून जंगलाबाहेरचा बांबू वगळल्यापासून तो मिळवणंही सोपं झालंय. मात्र कच्चा बांबू वापरू नका. त्याला घुण लागते, खांबाखाली पिवळसर भुगा दिसायला लागतो आणि मांडव आतून पोकळ होतो. बोरिक ॲसिड आणि बोरॅक्स या कीड रोखणाऱ्या क्षारांच्या पाण्यात मुरवलेलाच घ्या. पाय मातीत पुरू नका, दगडी किंवा काँक्रीटच्या बैठकीवर ठेवा. बांधण्या दरवर्षी तपासाव्या लागतात. ते बघणारं कॉलनीत कुणी नसेल, तर शेडच बरं.

कडुलिंब पश्चिमेला लावा, चार वाजताचं ऊन तोच अडवतो. पार बांधाल तर त्याची एक बाजू दीड फूटच उंच ठेवा, तीन फुटांवर आजींना चढता येत नाही. त्या दीड फुटाला रॅम्प हवा असेल तर १:१२ उताराने, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट या हिशोबाने, अठरा फूट लांबी लागते. एवढी जागा आधीच राखून ठेवा.

वाटेचा घोळ दोन्ही प्रस्तावांत सारखाच. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. नुसते पेव्हर टाकले की दोन पावसाळ्यांत वर-खाली होतात आणि व्हीलचेअरचं पुढचं छोटं चाक फटीत अडकतं. काळी माती काढून मुरूम दाबा, मगच वर काहीही घाला. नुसता मुरूमही चालत नाही, पावसात चाक रुततं. घसरगुंडी लोखंडी नको, उन्हात पोरांच्या मांड्या भाजतात.

गुरं आणि मोटारसायकली आत येऊ नयेत म्हणून फिरकीचं फाटक लावतात. त्यात व्हीलचेअर शिरतच नाही, बाळाची गाडीसुद्धा नाही. शेजारी ९० सेंटिमीटरचं साधं दार हवं. म्हणून ठेकेदार येण्याआधी फक्कीने वाट, रॅम्प आणि दार जमिनीवर आखा आणि कॉलनीतली एखादी व्हीलचेअर त्यावरून फिरवून बघा.