लग्नपत्रिका छापायच्या असतील तर

मुलीच्या लग्नाच्या पत्रिका आम्ही तांबडी जोगेश्वरीजवळच्या बोळातल्या एका जुन्या छापखान्यात करून घेतल्या. नमुने मोजकेच, जिना अरुंद, गाडी लावायला जागा नाही. पण मजकूर इतका जिवापाड तपासणारं दुसरं दुकान मी पुण्यात पाहिलेलं नाही.

काउंटरवरचे काका मजकूर स्वतः वाचतात, हातात पेन्सिल धरून, एकेका शब्दाला ओठ हलवत. माझ्या भाच्याने टाइप केलेल्या कागदावर त्यांची पेन्सिल पहिल्याच ओळीत थांबली. ‘श्री. मार्तंड भैरव प्रसन्न’ मधलं टिंब त्यांनी खोडलं. म्हणाले, “ताई, टिंब माणसाच्या श्रीला. तो श्रीयुत, आखडून लिहिलेला. देवाचा श्री पुरता असतो.”

मी पतसंस्थेत वर्षानुवर्षं किर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, लिहिली, रोज संध्याकाळी ‘श्रीशिल्लक’ म्हणजे हातात उरलेली रोकड मांडली. तिथला श्री म्हणजे साक्षात लक्ष्मी. गणपतीत ‘श्रींची प्रतिष्ठापना’ म्हटलं की कोणाची ते पुण्यात कुणी विचारत नाही. शनिवारवाड्यातले श्रीमंत पेशवे, तिथून चार पावलांवर श्रीमंत दगडूशेठ. आणि हाच श्री वीजबिलावरही येतो! एवढा मोठा शब्द आपण नावामागे किती सहज लावतो, ते मला त्या काउंटरवर उभं राहून जाणवलं. नवरदेवाला मात्र तो नाही. आमचे जावई चांगले तिशी ओलांडलेले, पत्रिकेत ‘चि.’च. व्याह्यांच्या नावामागे ‘श्री. डॉ.’ होतं, त्यातला श्री. काकांनी काढला. डॉ. असलं की पुरे.

सासऱ्यांच्या नावामागे आम्ही ‘कै.’ लिहिलं होतं. काकांनी मान वर करून विचारलं, “माळकरी होते का?” होते. आषाढीची वारी पायी करायचे. “मग वैकुंठवासी. वै. लिहू या.” ह्यांनी नुसती मान हलवली, बोलता आलं नाही त्यांना.

प्रूफ कागदावरच मिळतं, त्यावर सही केल्याशिवाय छपाई सुरू होत नाही. पत्रिका कबूल केल्यापेक्षा एक दिवस उशिरा आल्या, तेव्हा हाताशी थोडा वेळ ठेवूनच जा. साधी पत्रिका २५ रुपयांपासून आहे, शाई पसरलेली एकही निघाली नाही. नावांची यादी सुवाच्य न्या, आणि कोण हयात, कोण माळकरी, कोण डॉक्टर हे घरातल्या मोठ्यांना आधी विचारून घ्या. काका विचारणारच.