दाढेचं मॉडेल घेतलं: दात उत्तम, पण दाताची गादीच नाही

शाळेच्या प्रयोगशाळेसाठी जूनमध्ये इथं सोलापुरात नवी पेठेतल्या एका दुकानातून हे मॉडेल घेतलं. खालच्या जबड्याचा एक तुकडा, त्यात बसवलेली काढता-घालता येणारी दाढ, आणि तीच दाढ उभी चिरलेली, असा संच आहे. किंमत 2,150 रुपये, शाळेचं पत्र दाखवल्यावर 1,900 ला दिलं. चार महिने सातवीच्या तिन्ही तुकड्यांत वापरून मग लिहितेय. विज्ञानाच्या कुणी शिक्षकांनी हे घ्यायचं मनात आणलं असेल तर आधी हे वाचा.

जे मनापासून आवडलं ते आधी. दाढ वीतभर उंच आहे, शेवटच्या बाकावरूनही दिसते. खालची पहिली दाढ असल्यामुळे मुळं दोन दाखवलीत, एक पुढे, एक मागे. बरोबर आहे. (वरच्या दाढेला तीन असतात. बाजारातल्या कितीतरी तक्त्यांत हा फरक नसतोच.) हीच दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांच्या मागे येते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, म्हणून घरचे तिला दुधाचीच धरतात आणि किडली तरी "पडायचीच आहे" म्हणून सोडून देतात. मुलांना आरसा देऊन हीच दाढ स्वतःच्या तोंडात शोधायला सांगितली. कितीतरी जणांना तिथं काळा खड्डा दिसला. नुसत्या चित्रावरून हे झालं नसतं.

चिरलेला भागही नीट केलाय. एनॅमलचा, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कवचाचा थर वरच्या उंचवट्यांवर जाड आणि मानेकडे येता येता पातळ होत संपतो. खऱ्या दातात तो जाडीला जास्तीत जास्त अडीच मिलिमीटरच्या आसपास असतो. शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, वजनाच्या सुमारे 96 टक्के खनिज. पण तो तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येईपर्यंत संपून जातात, म्हणून एकदा खड्डा पडला की हाडासारखा तो आपला आपण भरून येत नाही. आतलं डेंटीन त्यांनी पिवळसर रंगवलंय, हे मला फार पटलं. आमच्याकडे मुली दात पिवळे म्हणून हसताना तोंडावर हात धरतात. एनॅमल थोडं आरपार असतं आणि आतल्या डेंटीनचा रंग बाहेर दिसतो, पिवळेपणा म्हणजे मळच असं नाही, हे त्यांना मॉडेल हातात देऊन सांगता आलं. मधल्या पोकळीतला पल्प म्हणजे मऊ गर, त्यात मुळाच्या टोकाच्या भोकातून शिरणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या आणि नसेच्या लाल, निळ्या, पिवळ्या दोऱ्या, सगळं जागच्या जागी आहे.

आता तक्रार, आणि ती लहान नाही.

दाढ जबड्यात बसवली की मूळ थेट हाडाला टेकतं, भिंतीत खुंटी ठोकावी तसं. खऱ्या तोंडात एकही निरोगी दात हाडाला टेकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये साधारण पाव मिलिमीटरहूनही बारीक फट असते आणि ती तंतूंनी भरलेली असते. डॉक्टर त्याला पेरिओडॉन्टल लिगामेंट म्हणतात, मी वर्गात 'दाताची गादी' म्हणते. या तंतूंचं एक टोक मुळावरच्या सिमेंटमच्या पातळ थरात रुतलेलं, दुसरं हाडात. दात त्यांच्यावर झोळीसारखा टांगलेला असतो. आपण कडक भाकरी शेंगाचटणीशी कडाकडा चावतो तो दाब ही गादी पेलते. भाकरीत बारीकसा खडा आला तरी जबडा तिथल्या तिथं थांबतो, कारण त्या गादीत संवेदनेच्या नसा आहेत. दातांना तार लावून ते सरकवता येतात तेही या गादीमुळेच. दाब येतो त्या बाजूचं हाड विरघळतं आणि मागच्या बाजूला नवं भरतं.

एवढ्यासाठी इतकं लिहायचं कारण सांगते. गेल्या डिसेंबरात खो-खोच्या सरावात आमच्या सातवीतल्या एका मुलाचं तोंड खांबाला आपटलं आणि वरचा पटाशीचा दात मुळासकट बाहेर आला. मातीत पडलेला दात मीच उचलला. नळाखाली धरला, साबण लावला, मुळाला काहीतरी तांबूस, मऊ चिकटलं होतं ते नखानं खरवडून काढलं आणि दात कोरड्या रुमालात गुंडाळला. घरच्यांना फोन, रिक्षा, दवाखान्यातली गर्दी, यात तासाच्या वर गेला. डॉक्टरांनी दात बघितला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "बाई, मूळ चोळलंत का?"

ते तांबूस, मऊ जे होतं तीच गादी होती. त्यातल्या पेशी जिवंत असत्या तर दात पुन्हा धरला असता. त्यांनी दात जागेवर बसवला, शेजारच्या दातांना बांधला, पण स्पष्ट सांगितलं की आता हाड मुळाला थेट चिकटेल आणि काही वर्षांत मूळ हळूहळू झिजवून टाकेल. असा दात पडला तर वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलायचा, माती असली तर न चोळता क्षणभर धुवायचा, तिथंच त्याच्या खोबणीत परत बसवायचा. ते जमत नसेल तर थंड दुधात टाकून अर्ध्या तासाच्या आत दवाखाना गाठायचा. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो. एकोणीस वर्षं मी मुलांना दात शिकवला आणि या गादीबद्दल एक वाक्यही सांगितलं नव्हतं. आमच्या जुन्या मॉडेलमध्येही ती नव्हती. म्हणून नवं मॉडेल उघडल्यावर आधी तीच शोधली.

हिरडीचंही तसंच. मॉडेलमध्ये ती दाताला एकसंध डकवलीय. प्रत्यक्षात हिरडीची कड आणि दात यांच्यामध्ये खाच असते, निरोगी माणसाची एक ते तीन मिलिमीटर खोल. सगळं बिघडायला सुरुवात होते ती तिथून. आमची शाळा पूर्व भागात, घरी तेलुगू बोलणारी मुलं पुष्कळ, दाताला 'पन्नू' म्हणणारी. अनेकींच्या आया घरी विड्या वळतात, काही घरांत मिश्रीही लावली जाते. आजीचे दात कसे गेले असं विचारलं तर "किडले" म्हणणारी थोडी, "हलून हलून पडले" म्हणणारी जास्त. हलून पडतात ते या खाचेतल्या घाणीनं. किटण साचतं, हिरडी सुजते, रक्त येतं. इथवर सगळं परत फिरवता येतं. पुढे गादी तुटते, हाड खाली जातं, आणि ते परत येत नाही. तंबाखूनं तर हिरडीतलं रक्त कमी येतं, म्हणजे आतून पोखरत असताना वरून ठीक वाटतं. हे सगळं ज्या दोन गोष्टींवर दाखवायचं, ती गादी आणि ती खाच, त्याच मॉडेलमध्ये नाहीत.

दुकानदारांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, कंपनीला कळवतो म्हणाले. अजून उत्तर नाही. बाकी, चार महिन्यांत एका उंचवट्याचा रंग उडालाय आणि चिरलेल्या भागाची कडी सैल झालीय. पाचपैकी तीन तारे देतेय, तेही चिरलेल्या दाढेसाठी.

घेणार असाल तर गादी घरीच करा. मी मुळाला कानसने सगळीकडून थोडं घासून बारीक केलं आणि आपल्या सोलापुरी टेरी टॉवेलचा तुकडा त्याच्याभोवती डकवला. दोन्ही बाजूंना फासे असतात, त्यामुळे तंतू एकीकडे मुळाला आणि एकीकडे हाडाला कसे धरतात ते मुलांना बोटानं चाचपता येतं. दाढ घट्ट बसते आणि वरून दाबली की किंचित खाली जाऊन परत वर येते. हिरडीच्या कडेला ब्लेडनं बारीक खाच पाडली, त्यात खडूची भुकटी भरून ब्रशनं काढायला लावते. टॉवेल नवा घेऊ नका, तो फुगीर असतो, दाढ आत जात नाही. वापरून विटलेला, मऊ पडलेला घ्या.